अंतर सांगता, तर कशाचं ते सांगा

दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ दाखवणाऱ्या संकेतस्थळांच्या आणि ॲपच्या कर्त्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पानावर दोन विमानतळांची नावं टाकली की क्षणात उत्तर येतं. अंतर ३२० किलोमीटर, विमानाने लागणारा वेळ ५४ मिनिटं. खाली नकाशा, नकाशावर एक सुबक रेघ. उत्तर इतकं नेटकं असतं की पुढे काही विचारावं असं कुणाला वाटतच नाही. माझं काम लोकांच्या प्रवासाची आखणी करून देण्याचं. असं उत्तर मनात पक्कं धरून आलेली माणसं मला सतत भेटतात, आणि खरा प्रवास कसा असणार आहे हे त्यांना सांगायची पाळी माझ्यावर येते. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला लिहिते आहे.

महानगरांच्या मोठ्या विमानतळांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तिथे दिवसभर विमानं असतात, जेट असतात, पल्ले लांबचे असतात. तुमचा आकडा दहा-पंधरा मिनिटांनी इकडेतिकडे झाला तरी कुणाचं फार बिघडत नाही. घोडं अडतं ते प्रादेशिक विमानतळांपाशी. तिथे पल्ला आखूड, विमान लहान, दिवसाला एखादीच फेरी आणि कधी आठवड्यातून तीनच दिवस सेवा. मोठ्या विमानतळांसाठी बनवलेलं गणित तुम्ही जसंच्या तसं इथे लावता आणि आलेलं उत्तर तितक्याच ठामपणे छापता.

सगळ्यात गंभीर गोष्ट आधी सांगते. ज्या दोन विमानतळांमधला विमानाचा वेळ तुम्ही दाखवता, त्यांच्यामध्ये पुष्कळदा विमानच नसतं.

हे काही एखाद्-दुसऱ्या मार्गापुरतं नाही, प्रादेशिक विमानसेवेची रचनाच तशी असते. छोट्या गावाचा विमानतळ सहसा एखाद्या मोठ्या शहराला जोडलेला असतो. शेजारच्या दुसऱ्या छोट्या गावाचा विमानतळही त्याच शहराला जोडलेला असतो. पण ही दोन गावं एकमेकांना जोडलेली नसतात. त्याचं कारण सरळ आहे. सत्तर आसनांचं विमान दोन छोट्या गावांमध्ये रोज भरत नाही. तेच विमान मोठ्या शहराकडे जाणारं असेल तर भरतं, कारण त्यात पुढे दहा ठिकाणी जाणारी माणसं एकत्र बसलेली असतात. विमान कंपनीच्या हिशेबात हे बरोबरच आहे. पण याचा अर्थ असा की पहिल्या गावाहून दुसऱ्या गावाला जायचं तर आधी मोठ्या शहरात उतरा, तिथे पुढच्या विमानाची वाट बघा आणि मग पुन्हा जवळजवळ आलेल्या दिशेनेच परत या. पहिलं उड्डाण तासाभराचं, मधला थांबा दोन-अडीच तासांचा, दुसरं उड्डाण तासाभराचं, वर विमानतळावर आधी पोचायचा वेळ. तुमच्या पानावरची ५४ मिनिटं प्रत्यक्षात सहा तास होतात, आणि दोन्ही विमानांच्या वेळा जुळत नसतील तर मध्ये एक मुक्काम.

एका बाईंनी वडिलांसाठी दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांची दुपारी दोनची वेळ घेतली होती. मोबाइलवर असंच एक पान उघडून त्यांनी माझ्यासमोर धरलं आणि मिनिटांच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "सकाळी दहाला घरातून निघालो तरी चालेल ना? बाबांना लवकर उठवत नाही मी." थेट विमान नव्हतं. मोठ्या शहरावरून जायचं तर पहिलं विमान पहाटेचं, आणि तिथून पुढचं विमान त्या वारी दुपारी चारला. वडील व्हीलचेअरवर. विमान बदलायचं म्हणजे त्यांना दोनदा उचलून बसवायचं आणि दोनदा उतरवायचं. मी हे सांगत असताना त्या पुन्हा पुन्हा मोबाइलकडे बघत होत्या. "पण इथे तर लिहिलंय," असं तीनदा म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. "विमानाने लागणारा वेळ" असं एखाद्याने लिहिलं तर विमान आहे असंच कुणीही धरून चालणार. शेवटी ते दोघं आदल्या रात्री गाडी करून निघाले.

या दोन विमानतळांमध्ये थेट विमानसेवा नाही, एवढं एक वाक्य त्या पानावर असतं तर त्यांनी डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची मागितली असती.

वेळापत्रकाची माहिती मिळवणं खर्चाचं असतं, रोज बदलत्या फेऱ्यांचा माग ठेवणं कठीण असतं, हे मला समजतं. पण वेळापत्रक नसेल तर मिनिटं दाखवू नका. अंतर तेवढं दाखवा आणि "हे केवळ भौगोलिक अंतर आहे, विमानसेवा आहे की नाही हे आम्ही तपासलेलं नाही" असं त्याच अक्षरांत, त्याच जागी लिहा. पानाच्या तळाशी, करड्या बारीक अक्षरांत नको.

आता ही ५४ मिनिटं येतात कुठून ते बघू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं सूत्र एकच आहे. सरळ अंतराला ताशी सुमारे ८०५ किलोमीटरने भागायचं आणि उड्डाण व उतरणं यासाठी सरसकट अर्धा तास मिळवायचा. ३२० किलोमीटरला २४ मिनिटं, अधिक ३०, झाली ५४. जेट विमान बऱ्याच उंचीवर लांबचा पल्ला गाठत असेल तर हे सूत्र ढोबळमानाने चालतं. प्रादेशिक मार्गावर पंख्याचं टर्बोप्रॉप विमान असतं. एटीआर ७२ सारखं विमान स्थिर उड्डाणात ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास जातं, त्याहून फार नाही. त्यापेक्षा लहान, एका इंजिनाचं सेस्ना कॅरॅव्हॅन असेल तर ताशी ३४० च्या आसपास. म्हणजे ३२० किलोमीटर सरळ रेषेत, वर चढणं-खाली येणं शून्य धरून, एटीआरला सुमारे ३८ मिनिटं आणि कॅरॅव्हॅनला सुमारे ५६ मिनिटं नुसती हवेतच लागतात. तुमचं पान मात्र कुठलं विमान आहे हे न विचारताच उत्तर देतं.

बरं, जेट असलं तरी सूत्र आखूड पल्ल्यावर टिकत नाही. विमान वेग पकडतं ते उंचावर. खाली यायला लागणाऱ्या अंतराचा वैमानिकांचा एक साधा हिशेब असतो: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. ३५,००० फुटांवरून खाली यायचं तर १०५ नॉटिकल मैल, म्हणजे १९४ किलोमीटर आधीच उतरायला सुरुवात करावी लागते. चढायलाही बरंच अंतर जातं. ३२० किलोमीटरच्या मार्गावर जेट त्या उंचीला पोचण्याआधीच उतरायची वेळ होते, म्हणून ते मुळात तेवढं वर जातच नाही. शिवाय अनेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉट्सची, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरची, वेगमर्यादा असते, आणि अशा प्रवासाचा बराच भाग त्या उंचीखालीच जातो. ताशी ८०५ चा वेग त्या मार्गावर विमानाला सापडलाच तर थोडाच वेळ.

आणि हेच सूत्र उलट्या बाजूनेही फसतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे अशी दोन बेटं आहेत. त्यांच्यामधलं विमान जगातलं सगळ्यात आखूड नियमित उड्डाण म्हणून प्रसिद्ध आहे. अंतर सुमारे २.७ किलोमीटर, वेळापत्रकातला वेळ दोन मिनिटं, वारा पाठीशी असला तर मिनिटभराच्या आतच. आजवरचं सगळ्यात जलद उड्डाण ५३ सेकंदांचं. तुमच्या सूत्राने या प्रवासाला अर्धा तास लागतो. कॉन्स्टन्स सरोवराच्या दोन काठांवरचे विमानतळ, जर्मनीतलं फ्रिडरिशहाफेन आणि स्वित्झर्लंडमधलं आल्टनऱ्हाइन, यांच्यात २०१६ मध्ये अशीच एक आठेक मिनिटांची सेवा सुरू झाली आणि काही महिन्यांतच बंद पडली. सूत्राला ती चालू असतानाही कळली नाही आणि बंद पडल्यावरही नाही.

याच्या बरोबर उलट, अंतर मोजण्यात मात्र तुम्ही कमालीचे काटेकोर. ३२०.४७ किलोमीटर असं दोन दशांश स्थळांपर्यंत. पृथ्वी गोल धरून, ६,३७१ किलोमीटर सरासरी त्रिज्या घेऊन, गोलावरचं सगळ्यात कमी अंतर तुम्ही काढता. पृथ्वी खरं तर ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवांकडची ६,३५७ किलोमीटर. त्यामुळे गोल धरून काढलेलं अंतर साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकतं. तुमच्यातले काही जण ही चूकही दुरुस्त करतात आणि तसं अभिमानाने लिहितात. ३२० किलोमीटरवर अर्धा टक्का म्हणजे दीड-पावणेदोन किलोमीटर, एटीआरच्या वेगाने दहा-बारा सेकंद. तेवढे सेकंद वाचवायला केवढं गणित, आणि पाच तासांच्या चुकीकडे कुणाचंच लक्ष नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्याकडे बुद्धी आहे, मेहनत घ्यायची तयारी आहे, फक्त ती प्रवाशाच्या गरजेच्या जागी लागलेली नाही.

विमान त्या सुबक रेघेवरून जात नाही हेही लिहायला हवं. ते ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, लष्करी उड्डाणांसाठी राखलेलं आकाश टाळतं, नियंत्रकाने सांगितलं तर वळतं. उतरताना तर दिशा वारा ठरवतो. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरतं. तुम्ही पश्चिमेकडून येताय आणि वाराही पश्चिमेचा आहे, तर विमानाला विमानतळ ओलांडून पुढे जावं लागतं, वळसा घ्यावा लागतो आणि पूर्वेकडून उतरावं लागतं. खिडकीतून गाव दिसतं, धावपट्टी दिसते, आणि ती मागे पडते. लोक घाबरून एकमेकांकडे बघतात. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं, पण सात-आठ मिनिटं त्यात जातात. ३२० किलोमीटरच्या प्रवासात ती लहान गोष्ट नाही.

जमिनीवरचा वेळ तर तुमच्या हिशेबात कुठेच नाही. प्रादेशिक विमानतळावरचं एक उड्डाण बारकाईने बघा. दार बंद होतं, चाकांपुढच्या अडण्या काढतात, पंखे फिरायला लागतात. मोठ्या विमानतळावर धावपट्टीला समांतर असा वेगळा रस्ता असतो, विमान त्यावरून टोकाला जातं. छोट्या विमानतळावर पुष्कळदा तो नसतोच. विमान मधूनच धावपट्टीवर येतं आणि उडायच्या उलट दिशेने, त्याच धावपट्टीवरून, शेवटच्या टोकापर्यंत सावकाश चालत जातं. टोकाला थोडी रुंद केलेली जागा असते. तिथे एक पंखा जोरात, एक मंद, असं करत ते पूर्ण अर्धवर्तुळ फिरून तोंड वळवतं. मग थांबतं आणि परवानगीची वाट बघतं. धावपट्टी एकच, त्यामुळे तेवढ्यात कुणी उतरणारं असेल तर हे आधी बाजूलाच थांबून राहिलेलं असतं. दोन किलोमीटरची धावपट्टी अशी चालत जायलाच चार-पाच मिनिटं लागतात. उतरल्यावर पुन्हा तेच: टोकापर्यंत पळत गेलेलं विमान वळून परत इमारतीकडे येतं.

विमान कंपन्या हे सगळं धरून वेळापत्रक छापतात. अडण्या काढून विमान जागेवरून हललं तिथपासून, दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबून अडण्या लागल्या तिथपर्यंतचा वेळ. याला ब्लॉक टाइम म्हणतात. चाकं जमिनीवरून उचलली गेली तिथपासून ती पुन्हा टेकली तिथपर्यंतचा, तो हवेतला वेळ. दोन्हींत लहान मार्गावर पंधरा-वीस मिनिटांचा फरक सहज असतो. वर कंपन्या थोडी जास्तीची मिनिटंही घालून ठेवतात, कारण ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान सहसा वेळेवर पोचलेलं धरलं जातं आणि प्रत्येकाला आपलं नाव राखायचं असतं. एटीआरला ३२० किलोमीटरसाठी वेळापत्रकात सहसा तास-दहा मिनिटांच्या आसपास दिसतात ते यामुळे. तुमच्यातल्या काहींच्या पानावर सूत्राची मिनिटं असतात, काहींच्या पानावर हवेतली, काहींच्या पानावर वेळापत्रकातली. तिन्ही ठिकाणी मथळा एकच: "प्रवासाचा वेळ". लोक तीन पानं उघडतात, तीन वेगळी उत्तरं बघतात आणि त्यातलं सगळ्यात कमी असेल ते धरून चालतात. माणसाचा स्वभावच आहे तो.

जाण्याचा आणि येण्याचा वेळ एकच दाखवणं हाही असाच घोटाळा. टर्बोप्रॉप मुळात सावकाश चालतं, त्यामुळे वाऱ्याचा परिणाम त्याच्यावर जेटपेक्षा प्रमाणाने जास्त. ४०० किलोमीटरचा मार्ग घ्या, विमानाचा वेग ताशी ५१०. वारा नसेल तर ४७ मिनिटं. समोरून ताशी ८० किलोमीटरचा वारा असेल तर ५६ मिनिटं, पाठीमागून असेल तर ४१. पंधरा मिनिटांचा फरक. कुणाला वाटेल जाताना गमावलेलं येताना भरून निघतं. निघत नाही. दोन्ही मिळून साधारण साडेशहाण्णव मिनिटं होतात, वारा नसता तर चौऱ्याण्णव झाली असती, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं. ज्या मार्गांवर ऋतूप्रमाणे वाऱ्याची दिशा ठरलेली असते, तिथे वेळापत्रकातच जाण्याचे आणि येण्याचे वेगळे वेळ असतात. तुमच्या पानावर दोन ओळी करायला किती जागा लागते?

घड्याळाचा गोंधळ वेगळाच. निघण्याची वेळ निघण्याच्या ठिकाणच्या घड्याळाने आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या ठिकाणच्या घड्याळाने लिहितात. दोन्हींची नुसती वजाबाकी केली की प्रवास कधी तासाने वाढतो, कधी नाहीसा होतो. भारत आणि नेपाळ यांच्या घड्याळांत पंधरा मिनिटांचा फरक आहे, तोही मी वजाबाकीत विसरलेला पाहिला आहे. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्ट विमानतळाची धावपट्टी तर दोन राज्यांच्या सीमेवरून जाते. क्वीन्सलँड उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही, न्यू साउथ वेल्स करतं, त्यामुळे त्या महिन्यांत एकाच धावपट्टीच्या दोन टोकांवर एका तासाचं अंतर असतं. विमानतळ क्वीन्सलँडच्या घड्याळाने चालतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याचं कनेक्टिंग विमान हुकू शकतं. दोन्ही स्थानिक वेळा आणि एकूण लागणारा वेळ, असे तिन्ही आकडे शेजारी शेजारी द्या.

मैलांबद्दल थोडक्यात. नॉटिकल मैल १,८५२ मीटरचा, साधा मैल १,६०९ मीटरचा. २०० साधे मैल म्हणजे ३२२ किलोमीटर, २०० नॉटिकल मैल म्हणजे ३७०. नुसतं "मैल" लिहू नका.

नावांच्या घोटाळ्याला जास्त जागा द्यायला हवी, कारण त्यात माणसं खरोखर चुकीच्या ठिकाणी पोचतात. २००२ मध्ये ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियाला निघालेलं एक तरुण जोडपं कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या सिडनीला उतरलं होतं. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे तसं अमेरिकेतल्या अलाबामात आहे. हैदराबाद भारतात आहे तसं पाकिस्तानात आहे. यात छोटा विमानतळच नेहमी मार खातो, कारण शोधाच्या चौकटीत पहिली दोन अक्षरं टाकली की मोठं गाव वर येतं आणि लोक तेच निवडतात. तीन अक्षरांचा कोड आणि देशाचं नाव उत्तराच्या ओळीतच ठळक असायला हवं.

त्याहून जास्त फसवतात ती दूरच्या शहराचं नाव लावलेली विमानतळं. फ्रँकफुर्टच्या नावाने ओळखला गेलेला हान विमानतळ फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर, वेगळ्याच राज्यात आहे. पॅरिसच्या नावाने तिकीट मिळतं तो बोवे विमानतळ पॅरिसपासून ८५ किलोमीटरच्या आसपास. स्टॉकहोमचा म्हणवणारा स्कावस्ता सुमारे १०० किलोमीटर दूर. तुमचं पान विमानतळ ते विमानतळ मोजतं आणि मथळ्यात मात्र शहर ते शहर लिहितं. प्रवासी टर्मिनलमधून बाहेर पडला की त्याचा प्रवास संपला असं तुम्ही गृहीत धरता. खरं तर छोट्या विमानतळावर शेवटची बस विमानाच्या आधीच निघून गेलेली असू शकते.

रस्त्याच्या अंतराशी तुलना करतानाही तुम्ही हवाई अंतरच वापरता, आणि "गाडीने चार तास" असं त्यावरूनच काढता. रस्ता सरळ नसतो. मध्ये घाट असेल, खाडी असेल, नदीवर पूल नसेल तर सरळ ३२० किलोमीटरचे साडेचारशे सहज होतात. नॉर्वेच्या किनाऱ्यावर डोंगर आणि खाड्यांमुळे रस्ते इतके वळसे घेतात की तिथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जेमतेम ८०० मीटरच्या धावपट्ट्यांचे छोटे विमानतळ गावोगाव बांधले गेले. तिथलं विमान एखाद्या बससारखं एका गावाहून दुसऱ्या, दुसऱ्याहून तिसऱ्या गावी थांबत जातं. फेरीचा क्रमांक एकच, म्हणून त्याला थेट विमान म्हणतात, पण मध्ये ते दोनदा उतरतं आणि दोनदा उडतं. तुमचं सूत्र या थांब्यांना शून्य मिनिटं देतं. थेट आणि न थांबणारं, हे दोन वेगळे रकाने करा.

हवामानाबद्दल बोलायचं तर आकड्यापेक्षा भरवशाचा प्रश्न मोठा. अनेक प्रादेशिक विमानतळांवर धुक्यात उतरवणारी उपकरणं नसतात, काही ठिकाणी रात्रीचे दिवेही नसतात. धुकं असलं की मोठ्या विमानतळावर विमान उतरतं, छोट्यावर घिरट्या घालून परत जातं किंवा दुसरीकडेच उतरतं, आणि मग बसने पुढचा रस्ता. सूर्यास्तानंतर बंद होणाऱ्या विमानतळाहून संध्याकाळचं परतीचं विमान कधी असूच शकत नाही, तरी तुमच्या पानावर "एका दिवसात जाऊन येता येईल" असं वाक्य मी वाचलं आहे. विमानतळ किती वाजेपर्यंत चालू असतो ही माहिती अधिकृत हवाई माहितीपुस्तिकेत छापलेली असते. ती उचलून पानावर घालायला सूत्र लागत नाही.

विमान कंपन्या आणि विमानतळांचे चालक यांनाही इथेच दोन गोष्टी सांगते. तुमचं वेळापत्रक चित्राच्या स्वरूपात, मोसम संपल्यावरही तसंच लटकलेलं असतं. ते कुणालाही वाचता, वापरता येईल अशा साध्या मांडणीत आणि तारखेसह द्या. फेरी बंद केली तर ती बंद केल्याचं त्याच दिवशी लिहा. ही माहिती मोकळेपणाने मिळत नाही म्हणूनच या लोकांना सूत्राचा आधार घ्यावा लागतो, हा दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

पण आकडा छापणारे तुम्ही आहात आणि माणसं विश्वास ठेवतात ते तुमच्यावर. प्रत्येक प्रवास घरापासून दारापर्यंत अचूक सांगा असा माझा हट्ट नाही, ते कुणालाच शक्य नाही. जो आकडा दाखवता तो कशाचा आहे हे त्याच्या शेजारीच लिहा: सरळ अंतर की मार्गाचं, हवेतली मिनिटं की वेळापत्रकातली, जेट धरून की टर्बोप्रॉप, कोणत्या तारखेची माहिती. थेट सेवा नसेल तर मिनिटांच्या जागी "थेट विमान नाही" हे तीन शब्द घाला आणि जमलं तर कोणत्या शहरावरून जावं लागेल ते सांगा. या एका बदलाची मी सगळ्यात जास्त वाट बघते आहे.

ज्या प्रादेशिक मार्गांची आखणी माझ्याकडे होते, त्यांची यादी करून द्यायला मी तयार आहे: कुठे थेट विमान आहे, कुठे नाही, कोणत्या वारी आहे, कोणत्या प्रकारचं विमान येतं, जायला आणि यायला वेळापत्रकात किती वेळ धरलेला आहे. माझ्यासारखं काम करणारे इतरही अशी यादी देतील. ती तुमच्या पानावर घ्यायची तुमची तयारी असेल तर चुका कळवण्यासाठी एक पत्ता जाहीर करा आणि त्यावर आलेलं वाचणारं माणूस नेमा.

आपली,
लोकांच्या प्रवासाची आखणी करून देणारी एक